जड वाटतं की दुखतं?

माझ्या सासूबाईंच्या दुकानात स्टुलावर बसल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही. खोकला असो, झोप उडालेली असो, पोट फुगलेलं असो, आधी खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचं, तोंड उजेडाकडे करायचं आणि त्या विचारतील त्याची सरळ उत्तरं द्यायची. कुणी म्हणालं, "काकू, जरा घाईत आहे हो, पुडी बांधून द्या," तर त्या म्हणतात, "घाई असेल तर भाजी घेऊन जा. इथे औषध मिळतं." मी त्यांना आईच म्हणते, लग्न झाल्यापासून. त्यांच्या हाताखाली पानं निवडायला, वाटायला, गाळायला शिकले. बोलणीही पोटभर खाल्ली. पण एक सांगते, गिऱ्हाइकाच्या बाबतीत त्यांच्याइतकी काटेकोर बाई मी दुसरी पाहिली नाही. म्हणूनच तर मला इतका संताप येत होता.

आमचं दुकान चालतं ते मुख्यतः आर्टिचोकवर. आर्टिचोक म्हणजे काय, हे अजूनही निम्मे लोक विचारतात. करड्या, लांबलचक, कातरलेल्या पानांचं काटेरी झुडूप असतं, आणि त्याला मुठीएवढं खवल्याखवल्यांचं बोंड येतं. मोठ्या हॉटेलांत ते बोंड उकडून खातात. तासभर सोलत बसायचं आणि हाती चमचाभर गर. आम्हाला त्या बोंडाशी काही देणंघेणं नाही. आम्हाला हवीत पानं. बोंड धरायच्या आधी ती कापायची, सावलीत वाळवायची आणि जेवणाआधी त्यांचा काढा घ्यायचा. चव म्हणाल तर पहिल्या घोटाला माणूस आईंकडे असा बघतो की जणू त्यांनी त्याची फसवणूक केली. साखर नाही, मध नाही. कडू जिभेला कळलं तरच पोट जागं होतं, असं आई म्हणतात. तेलकट खाऊन ज्यांचं पोट तुडुंब होतं, ढेकरांवर ढेकर येतात, जेवल्यावर दगड ठेवल्यासारखं वाटतं, त्यांना या पानाने उतार पडतो. मी स्वतः पाहिलंय. मधूनच कुणीतरी येतं, कुठेतरी वाचून, "काकू, लिव्हर साफ करायचंय" म्हणत. त्यांना आई म्हणतात, "लिव्हर म्हणजे काय कढई आहे का घासायला?" आणि परत पाठवतात.

पण हे पान द्यायच्या आधी त्या कुणालाही सोडत नाहीत. पित्ताचे खडे आहेत का? कधी होते का? अंगाला खाज सुटते का? लघवी गडद होते का? शेवंतीच्या जातीच्या फुलांनी पुरळ उठतं का? आणि शेवटी, "जेवल्यावर जड वाटतं की दुखतं?" जड असेल तर पान. दुखत असेल तर सरळ डॉक्टर. कारण हे पान पित्त सोडायला लावतं. वाट मोकळी असेल तर उत्तम, पण वाटेत खडा अडकला असेल तर तुंबलेल्या मोरीत आणखी एक बादली ओतल्यासारखी गत. हे आईंचेच शब्द. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे पाठ करायला लावलं होतं.

स्टुलावर फक्त घरचं माणूस कधी बसत नसे. घरच्यांना काय विचारायचं? मला सर्दी झाली की आई ओट्यावर कप आदळत, "पी." नवऱ्याची कंबर धरली की तेलाची बाटली त्याच्या उशाशी. आणि बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रोज जेवणाआधी स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यात आर्टिचोकचा काढा. बाबांना पूर्वीपासून जेवणानंतर जडपणा होता आणि याच पानाने तो गेला होता, हे खरं. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचे. येणाराजाणारा विचारायचा, "काय काका, पोट कसं आहे?" की बाबा पोटावर थाप मारून म्हणायचे, "बायकोच्या पानावर ठणठणीत!" अर्धी गिऱ्हाइकं त्या थापेवरच आत यायची. आई वरवर म्हणायच्या, "उगाच चकाट्या पिटत बसू नका," पण त्यांना ते आवडायचं. चेहऱ्यावर दिसायचं.

त्या दिवसांत मला आधी खटकलं ते बाबांचं अंग खाजवणं. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे. मी म्हटलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही गं, साबण बदललाय." साबण मीच आणते. साबण तोच होता. मग जेवण कमी झालं. भाजीतलं तेल बघूनच ताट सरकवायला लागले. मग एका दुपारी ते खुर्चीतून उठताना उजव्या बरगडीखाली हात दाबून क्षणभर वाकले आणि मी बघतेय हे लक्षात येताच तोच हात खिशात घालून रुमाल शोधायला लागले. रुमाल दुसऱ्या खिशात होता.

मी आईंना सांगितलं. त्या मुळ्या कुटत होत्या. म्हणाल्या, "जडपणा वाढलाय त्यांचा. मला सांगितलंय त्यांनी. पान जरा जास्त घालतेय मी."

"जास्त?" मी म्हटलं. "अहो आई, आधी बघा तरी त्यांच्याकडे! खाज सुटलीय त्यांना."

"साबण बदललाय."

"नाही बदललेला!"

कुटणं थांबलं. "हे बघ," आई म्हणाल्या, "या माणसाबरोबर माझा जन्म गेला. त्याच्या पोटात काय चाललंय ते तू मला शिकवणार?"

मी डबे पुसायला घेतले आणि एक डबा हातून निसटून ज्येष्ठमधाच्या काड्या दुकानभर पसरल्या. नवऱ्याला फोन केला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला होता. म्हणाला, "आई आहे ना, ती बघेल." मी म्हटलं, "आईच तर बघत नाहीयेत!" तो म्हणाला, "तुझं ना, कायम काहीतरी असतंच." मी फोन ठेवला. खरंच सांगते, समोर असता तर त्याच्याच हातातला पाना घेऊन त्याच्या डोक्यात घातला असता.

पुढचे दिवस माझे पाय एका जागी ठरेनात. पुडी बांधायला घ्यायची आणि अर्धवट टाकून बाहेर डोकावायची. बाबा खुर्चीत आहेत ना? आहेत. परत आत. वजन करताना काटा स्थिर व्हायच्या आधीच मी पान उचलायची. एकदा कुणाला ओव्याच्या जागी बडीशेप दिली, तेही ओरडत परत आले. जेवणाची वेळ झाली की माझा जीव नुसता वरखाली. स्वयंपाकघरातून पेल्याचा आवाज आला की वाटायचं, जाऊन तो पेला मोरीत ओतावा. एकदा ओतलाही. आईंनी शांतपणे दुसरा केला, आणि बाबांनी माझ्यासमोर तो एका दमात पिऊन मिशा पुसल्या. मला म्हणाले, "तुला राग येतो त्याचं काय करायचं, त्यावर काही पान आहे का बघ." हसले. हसतानाही बरगडीखाली हात होताच. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "कशाला? घरात डॉक्टर आहे की," हे ठरलेलं उत्तर.

शेवटी मी ठरवलं, यांना स्टुलावरच बसवायचं.

दुपारी दुकान अर्धं बंद असतं तेव्हा आई मागच्या वाफ्यात पानं कापायला गेल्या होत्या. मी बाबांना आत बोलावलं. "बसा."

"इथे? अगं, ही गिऱ्हाइकांची जागा."

"आज तुम्ही गिऱ्हाईक. बसा म्हणते ना!"

माझा आवाज चढला तसे ते बसले. मी विचारायला लागले. खडे? "नाहीत." कधी होते? "कधीच नाही." खाज? "साबण." लघवी? "स्वच्छ. पाण्यासारखी." शेवंती? "शेवंती मला आवडते." जड वाटतं की दुखतं?

"जड," बाबा म्हणाले. "नुसतं जड."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. हा माणूस वर्षानुवर्षं दाराबाहेर बसून हेच प्रश्न ऐकत आला होता. कोणत्या उत्तराला आई पान देतात आणि कोणत्या उत्तराला माणसाला परत पाठवतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. पेपर फुटलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा घेत होते मी. मी हातातला चमचा आपटला. "बाबा, तुम्ही खोटं बोलताय."

"हळू बोल," ते म्हणाले, "बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे!"

"जाऊ दे काय?" त्यांचा चेहरा एकदम बदलला. "पानवाल्या बाईंचाच नवरा पानाने बरा झाला नाही, असं गल्लीत झालं तर तिने उद्या कुणाला काय सांगायचं? तिचं सगळं आयुष्य आहे हे. तू नवीन आहेस, तुला नाही कळायचं."

मी नवीन! माझी मुलगी शाळेत जायला लागली तरी मी नवीनच. पण रागवायलाही सवड नव्हती, कारण बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती आणि कपाळावर घाम फुटला होता. मी मागच्या दाराशी धावले आणि ओरडले, "आई! गिऱ्हाईक आलंय! लवकर या!"

आई कोयती हातात घेऊनच आल्या. स्टुलावर बाबांना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा काय पोरखेळ?"

"गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "माझ्याच्याने होत नाही. तुम्ही बघा. ओळखीचं नाही असं समजून बघा. एकदाच. मग मला घरातून हाकला हवं तर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता खरंच हाकलतात. पण स्टुलावर माणूस बसलाय आणि आई नुसत्या उभ्या आहेत, असं कधी झालेलं नाही. हाताला सवय असते. कोयती ठेवली, पदराला हात पुसले, बाबांची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. अंगठ्याने डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

बाबा काढा प्यायचे ते स्वयंपाकघरात. तिथे खिडकी नाही. दिवसाही पिवळा बल्ब लागतो, त्यात सगळेच पिवळे दिसतात, भिंतही आणि माणूसही. खिडकीच्या उजेडात बाबांच्या डोळ्याचा पांढरा भाग हळदीचं बोट फिरवल्यासारखा दिसत होता. आईंनी दुसरी पापणी ओढली. मग पुन्हा पहिली. मग उजव्या बरगडीखाली चार बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "श्वास घ्या."

बाबांनी श्वास घेतला आणि मध्येच कळवळून थांबले. असा आवाज त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"कधीपासून?" आईंनी विचारलं.

"जड वाटतं गं नुसतं."

"अहो, कधीपासून?"

आईंनी हात काढला नाही. मला म्हणाल्या, "टॅक्सी बोलाव." आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही. मग ओरडल्या, "उभी काय राहतेस? बोलाव!"

टॅक्सीत बाबांना हुडहुडी भरली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ते कुडकुडत होते. आईंनी स्वतःचा पदर, माझी ओढणी, जे मिळेल ते त्यांच्यावर घातलं. प्रत्येक सिग्नलला मी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक करायची आणि तो म्हणायचा, "ताई, गाडीला पंख लावू का?" मी म्हटलं, "लावा!"

इस्पितळात डॉक्टरीण बाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "काय काय औषधं घेतात?" मी आईंकडे बघितलं. मला वाटलं, आता आई काहीतरी पुटपुटतील. मीही सांभाळून घ्यायला तोंड उघडलंच होतं.

"आर्टिचोकचा काढा," आई म्हणाल्या. "जेवणाआधी, रोज. हल्ली मी तो दाट केला होता. खडा आहे का, हे मी विचारलं नव्हतं."

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, खडा पानामुळे झालेला नाही, तो बऱ्याच दिवसांचा असणार, पण आता पित्ताच्या नळीत अडकलाय आणि वर जंतुसंसर्ग झालाय. तोंडातून नळी घालून तो काढावा लागेल, आजच. वाट बंद असताना पित्त वाढवणारं काहीही द्यायला नको होतं. "हे तुम्हाला माहीत असेलच," असं त्या सहज म्हणाल्या आणि निघून गेल्या. आई तिथेच भिंतीला टेकल्या.

मग वाट बघणं. मला बसवेना. मी त्या लांब व्हरांड्यात खेपा घालत राहिले, पाण्याच्या मशीनपर्यंत आणि परत. एका म्हाताऱ्या आजोबांनी पाय आत घेऊन घेऊन शेवटी विचारलं, "बाई, दमत नाही का गं?" नवरा आला तो ग्रीसने माखलेल्या कपड्यांत. मला काही बोलला नाही, माझ्याबरोबर चालायला लागला. आई तेवढ्या बाकावर बसून होत्या आणि उजव्या हाताची चार बोटं डाव्या हाताने चोळत होत्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हणावंसं वाटत होतं, मी सांगत होते ना? नाही म्हटलं. जिभेवर आलेलं गिळलं.

खडा निघाला. आणखी एखादा दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. नवरा व्हरांड्यातच रडायला लागला, आणि पाना डोक्यात घालायचा माझा विचार तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात आमच्या शेजारचा इस्त्रीवाला आला. भला माणूस, पण तोंडात तीळ भिजत नाही. याला सांगितलं की गल्लीला वेगळं सांगायला नको. बाबा उशीला टेकून बसले होते, हाताला सलाइन. आई बाजूला संत्रं सोलत होत्या. "काय हो काका," तो म्हणाला, "परवापर्यंत तर ठणठणीत होता! झालं काय?"

बाबांनी सलाइन नसलेला हात पोटाकडे नेला, थाप मारायला. पोटापर्यंत गेला नाही. म्हणाले, "काही नाही रे. लग्नाला गेलो होतो, बाहेरचं खाल्लं. दुसरं काय."

"बाहेरचं नाही," आई म्हणाल्या. "माझं."

"अगं..."

"पित्ताचा खडा होता," आई इस्त्रीवाल्याकडे बघत म्हणाल्या. "त्यात मी यांना पानाचा काढा पाजत राहिले. देऊ नये तेव्हा दिला, वर दाट करून दिला. तुमच्यासारख्याला दहा प्रश्न विचारते, यांना एक विचारला नाही. मरता मरता वाचलेत. कुणी विचारलं तर हेच सांगा."

इस्त्रीवाल्याने टेबलावरचा ग्लास उचलला, परत ठेवला, "येतो" म्हणाला आणि गेला. मी खिडकीतून पाहिलं तर फाटकाबाहेर पडायच्या आधीच तो फोनवर बोलत होता.

बाबांचा चेहरा उतरला होता. "हे काय केलंस तू?" ते म्हणाले. "मी इतकं सोसलं ते कशासाठी? तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ना? आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत होईल. कोण येणार आहे तुझ्या दुकानात?"

"नाही आले तर नाही आले."

"बंद पडेल दुकान!"

"पडू दे!" आईंनी संत्रं ताटलीत टाकलं. "तुम्ही गेला असता तर काय मी ते दुकान उराशी धरून बसले असते? कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझं नाव सांभाळायला? मी मागितलं होतं का?"

शेजारच्या पलंगावरचा माणूस कूस बदलून आमच्याकडे बघायला लागला. मी पडदा ओढला. बाहेर जावं की थांबावं मला समजेना, पडद्याची कड हातात धरून तशीच उभी राहिले.

मग बाबा म्हणाले, "खरं सांगू का? फार दुखायचं गं. रात्री उशीत तोंड खुपसायचो. आवाज होऊ नये म्हणून."

"मी शेजारीच होते की हो," आई म्हणाल्या.